चाकाचे नट आणि बॅटरीची गन : घरासाठी कोणती घ्यावी, कशी वापरावी?

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी आमची आपा अम्मीला आणि दोन मुलांना घेऊन पनवेलहून खेडला खालाकडे निघाली होती. गाडी आपाच चालवत होती. माणगाव मागे टाकल्यावर थोड्या वेळाने मागचे डावे चाक बसले. आपाने गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, अम्मीला आणि मुलांना रस्त्यापासून लांब झाडाखाली बसवले आणि डिकी उघडली. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, गाडीबरोबर मिळालेला पाना होता. चाक बदलायचे कसे हेही तिला ठाऊक होते. लायसन्स मिळाले त्याच आठवड्यात अब्बांनी तिच्याकडून ते दोनदा करून घेतले होते.

अडले ते नटांवर. चारपैकी एकही नट हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. शेवटी पान्यावर पाय देऊन उभी राहिली, तर पाना निसटला, ती खडीवर पडली आणि तळहात सोलवटला. उन्हात दीड तास गेला. मग एक टेम्पोवाले चाचा थांबले. त्यांनी आपल्याकडचा लोखंडी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, तेव्हा कुठे एकेक नट कर्रकन आवाज करून सुटला. अल्लाह त्यांना बरकत देवो. त्यांनी चहाचे पैसेही घेतले नाहीत.

रात्री फोनवर हे सगळे ऐकून घरात संताप उसळला. अब्बांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "या चाकांना शेवटचा हात कोणी लावला होता?" मग आठवले. ईदच्या आधी पंधरा दिवस आम्हीच गाडी एका टायरच्या दुकानात नेली होती. चाकांची अदलाबदल झाली, बॅलन्सिंग झाले आणि तिथल्या पोऱ्याने हवेच्या गनने घर्रर्र करून सगळे नट आवळले. आम्ही शेजारी उभे राहून ते पाहत होतो आणि काम किती झटपट झाले म्हणून खूश होतो.

त्याच रात्री ठरले की घरात बॅटरीवर चालणारी नट खोलायची गन, म्हणजे कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच, घ्यायची. आमच्या घरी दोन गाड्या आहेत आणि चाचांची शाळेची व्हॅन आहे, म्हणजे खर्च वाया जाणार नव्हता. कुवेतला असलेल्या धाकट्या भावाने तर दुसऱ्याच दिवशी दुकानातल्या सर्वांत दांडग्या मशीनचा फोटो पाठवला. आम्ही तेव्हा घाई केली नाही हे बरे झाले. पुढच्या तीन महिन्यांत विचारपूस करून, हाताळून आणि एक मोठी चूक करून जे समजले ते इथे लिहीत आहोत. ज्यांच्या घरी गाडी आहे आणि ती घरातल्या बायका-मुलीही चालवतात, त्यांना त्याचा उपयोग होईल.

ही गन काम कशी करते?

दिसायला ही ड्रिल मशीनसारखी असते, पण आतली करामत वेगळी आहे. ड्रिल सरळ फिरते. नट अडला की तिचा सगळा पीळ आपल्या मनगटावर येतो. इम्पॅक्ट गनमध्ये मोटर एका जड लोखंडी हातोड्याला फिरवते. नट अडला की तो हातोडा थोडा मागे सरकतो आणि पुढच्या क्षणी टोकाच्या दांड्यावर आडवा आदळतो. असे ठोके एका मिनिटात दोन-तीन हजार पडतात. घट्ट झाकण उघडताना आपण बरणीला बाजूने टपली मारतो, तसलाच हा प्रकार आहे. एका सलग जोराने जो गंजलेला नट हलत नाही, तो अशा झटक्यांनी सुटतो आणि आपल्या मनगटाला फारसा हिसका बसत नाही. म्हणून साठीच्या माणसालाही ही गन सहज वापरता येते.

दुकानात इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाची तिची लहान बहीणही मिळते. तिच्या टोकाला स्क्रूचे बिट बसवायचे पाव इंची षटकोनी भोक असते. ती लाकूडकामाची आणि फर्निचरची. अडॅप्टर लावून चाकाचे नट खोलता येतील असे दुकानदार सांगतो, पण पातळ अडॅप्टर वारंवार मोडतात. चाकासाठी अर्धा इंची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चार सूत, चौकोनी टोकाचीच गन घ्यावी.

जोर किती लागतो?

नट फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात आणि तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब दांड्याच्या टोकावर एक किलो वजन टांगले तर जवळजवळ १० न्यूटन मीटर टॉर्क होतो. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा हिशेब सोपा आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांचे चाकाचे नट ८५ ते ११० न्यूटन मीटरवर आवळायचे असतात. मोठ्या गाड्यांचा आकडा साधारण १०० ते १४० च्या दरम्यान असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात असते आणि आपण ती कधी उघडत नाही.

आता आपाचे काय झाले ते पाहा. गाडीबरोबरचा पाना सुमारे २५ सेंटिमीटरचा. ५५ किलोचे माणूस त्याच्या टोकावर उभे राहिले तरी टॉर्क होतो सुमारे १३५ न्यूटन मीटर. नट ठरल्याप्रमाणे १०० वर आवळलेला असता तर तो सुटायला हरकत नव्हती. दुकानातल्या हवेच्या गनने तो २०० किंवा त्याहून जास्त आवळला असेल, तर आपाच काय, आमच्या घरातले कोणीही त्या पान्याने तो सोडवू शकले नसते. आपाची ताकद कमी पडली असे आम्ही त्या रात्री म्हणालो होतो. हा हिशेब कागदावर मांडल्यावर तिची माफी मागितली.

म्हणजे गनकडून हवे काय? १०० चा नट, वर गंज आणि कोणाच्या तरी हाताने जास्तीचा आवळलेला. तो सोडवायला ३०० ते ४०० न्यूटन मीटरची मधल्या आकाराची गन पुरते. मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या गनला कंपनी ३३० न्यूटन मीटर आवळण्याचा जोर देते. बॉशची जीडीएस १८ व्ही ४०० आहे, तिच्या नावातच ४०० आहे. आम्ही या नावांची शिफारस करत नाही, आकडे कुठल्या पट्टीत असावेत ते कळावे म्हणून सांगितले. १००० न्यूटन मीटरच्या गन ट्रक, ट्रॅक्टर आणि जेसीबीवाल्यांसाठी. घरच्या गाडीवर तसली गन म्हणजे सुपारी फोडायला घण.

खोक्यावरचे आकडे नीट वाचा

खोक्यावर टॉर्कचे दोन आकडे असतात. एक आवळण्याचा आणि दुसरा घट्ट नट उसळवून सोडवण्याचा. दुसरा नेहमी मोठा असतो. वर सांगितलेल्या मकिताच्या गनचे हेच दोन आकडे ३३० आणि ५८० आहेत. जाहिरातीत मोठा आकडा ठळक छापतात. दोन गनची तुलना करताना दोघींचे एकाच जातीचे आकडे शेजारी ठेवावेत, नाहीतर लहान गन मोठी वाटते.

व्होल्टचा घोळ त्याहून मोठा. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स या एकाच प्रकारच्या बॅटऱ्या आहेत. दोन्हींत पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर पाचांचे १८ होतात. पूर्ण चार्ज केलेला सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणून कोणी २० म्हणते आणि कोणी २१. काही स्वस्त मालाच्या खोक्यावर ४८ किंवा ८८ असा आकडा आणि पुढे व्हीएफ अशी अक्षरे असतात. ते व्होल्ट नव्हेत. उघडून पाहिले तर आत बहुधा तेच पाच सेल निघतात. दुकानदाराला सरळ विचारावे, "बॅटरीवर छापलेला खरा व्होल्ट दाखवा." तो दाखवायला नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे.

बॅटरीवरचा तिसरा आकडा अँपिअर-अवरचा, म्हणजे तिच्यात किती साठा आहे त्याचा. २ ची बॅटरी हलकी असते आणि चाकाच्या पाच-सहा नटांना ती भरपूर झाली. ४ किंवा ५ ची जड असते, पण जोराच्या कामात ती कमी दमते. घरी एकच बॅटरी घ्यायची असेल तर ४ ची घ्यावी. १२ व्होल्टच्या चिमुकल्या गन सुरेख दिसतात, पण त्या इंजिनच्या लहान बोल्टांसाठी. जाम झालेल्या चाकाच्या नटापुढे त्या थकतात.

गनला वेगाच्या दोन-तीन पायऱ्या असाव्यात आणि बटण जितके दाबावे तितकीच ती फिरावी. सोडवताना नट सैल झाला की आपोआप थांबणारी गन मिळाली तर उत्तम. नट उडून गटारात जात नाही.

सॉकेट काळेच हवे

गनइतकेच महत्त्व तिच्या टोकावर बसणाऱ्या सॉकेटला आहे. घरातल्या पान्यांच्या पेटीत चकचकीत क्रोमचे सॉकेट असतात. ते हाताने फिरवण्यासाठी. त्यांचे पोलाद कडक असते. हजारो ठोक्यांखाली त्याला तडा जाऊ शकतो आणि तुकडा थेट डोळ्याकडे उडतो. इम्पॅक्टचे सॉकेट काळ्या रंगाचे, जाड भिंतीचे आणि ठोके सोसणाऱ्या पोलादाचे असतात. तेच वापरावेत.

चाकाच्या नटांचे माप बहुधा १७, १९ किंवा २१ मिलिमीटर असते. आपल्या गाडीबरोबरचा पाना दुकानात घेऊन जावे, म्हणजे चूक होत नाही. षटकोनी, सहा कोनांचे आणि खोल सॉकेट घ्यावे. बारा कोनांचे सॉकेट नटाचे कोपरे खाते. अ‍ॅलॉय व्हीलमध्ये नट खोल खळग्यात बसलेले असतात. त्यांच्यासाठी बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेले पातळ सॉकेट मिळते, त्याने व्हीलवर ओरखडे पडत नाहीत. चोरी टाळण्यासाठी काही गाड्यांना एक खास कुलूपवाला नट असतो. त्यावर गन कधीही चालवू नये. त्याची चावी फुटली की मग मेकॅनिकच्याही नाकीनऊ येतात. तो नट हातानेच सोडवावा.

आपाचा प्रश्न

भावाने पाठवलेल्या फोटोतली दांडगी गन बॅटरीसकट साडेतीन किलोच्या घरात होती. आपाने फोटो पाहून विचारले, "मी उकिडवी बसून एका हाताने ही धरू शकेन का?" एवढ्या एका प्रश्नाने निम्मी निवड झाली. मधल्या आकाराची गन दीड ते दोन किलोची असते. दुकानात गेल्यावर बॅटरी लावून ती हातात घ्यावी, उकिडवे बसावे आणि हात पुढे करून एक मिनिट धरून ठेवावी. लाज वाटू देऊ नये. घरात जो सर्वांत कमी ताकदीचा माणूस गाडी चालवतो, त्याला किंवा तिलाच बरोबर न्यावे आणि निवड तिच्या हाताने करावी.

आणखी एक काळजी आमच्या घरांसाठी विशेष. फिरणाऱ्या सॉकेटमध्ये ओढणी, बुरख्याची बाही किंवा सैल कुर्त्याची बाही क्षणात गुंडाळली जाते. ओढणी पाठीमागे घट्ट बांधावी, बाह्या कोपरापर्यंत सारून वर रबर लावावे, हातात सुती मोजे घालू नयेत. डोळ्यांना साधा चष्मा आणि कानात कापसाऐवजी फोमचे बोळे असावेत. या गनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. लहान मुलांना जवळ उभे करू नये.

आखातातून मागवताना

आपल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी कुवेत, दुबई किंवा कतारला आहे आणि असली वस्तू तिकडून येते. यात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे विमानातले नियम. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. गन मात्र हातातल्या बॅगेत चालत नाही, ती चेक-इनमध्ये जाते. म्हणजे दोघींना वेगळे करावे आणि बॅटरीच्या पत्र्यांवर चिकटपट्टी लावावी. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी विनापरवानगी नेता येते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केले की वॅट-अवर मिळतात. १८ व्होल्टची ५ ची बॅटरी ९० भरते, ती चालेल. ६ ची १०८ भरते, तिला विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

दुसरी गोष्ट प्लगची. कुवेत आणि दुबईचा चार्जर आपल्या विजेवर चालतो, पण त्याचा प्लग चौकोनी पिनांचा असतो. चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लागेल. तिसरी आणि सर्वांत मोठी म्हणजे वॉरंटी. ती बहुधा त्याच देशापुरती असते. बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलावी लागतेच, तेव्हा त्याच जातीची बॅटरी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. आम्ही हे तिन्ही हिशेब मांडून गन शेवटी इथेच घेतली, पक्क्या बिलावर, आणि कंपनीचे दुरुस्ती केंद्र कुठे आहे हे पाहून. चांगल्या कंपनीचा बॅटरी-चार्जरसकट संच पाच आकडी रकमेत जातो. नुसती गन स्वस्त दिसली तर थांबून विचारावे, कारण बहुधा तिच्यात बॅटरी आणि चार्जर धरलेले नसतात.

आमच्या हातून झालेली चूक

गन घरी आली. पहिले काही दिवस गल्लीत तिचीच चर्चा होती. एका रविवारी शेजाऱ्यांच्या गाडीचे चाक पंक्चर झाले आणि आम्ही मोठ्या उत्साहाने गन घेऊन धावलो. चार नट अर्ध्या मिनिटात सुटले. स्टेपनी लावली. मग त्याच गनने नट आवळायला घेतले. तीन नट आवळले गेले. चौथा घट्ट झाला, मग पुन्हा हलकासा फिरू लागला. आम्हाला वाटले अजून बसतोय, म्हणून बटण दाबून ठेवले. टक्कन आवाज आला आणि नट अर्ध्या स्टडसकट सॉकेटमध्ये आला. जास्तीच्या जोराने स्टड आधी ताणला गेला होता आणि मग तुटला.

शेजाऱ्यांना त्या संध्याकाळी त्यांच्या वालिदांना तपासणीसाठी दवाखान्यात न्यायचे होते. आम्ही आमच्या गाडीने त्यांना नेऊन आणले आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मागचा ड्रम काढून नवा स्टड बसवून दिला. शेजारी भले माणूस, एक शब्द बोलले नाहीत. पण घरी परतताना अब्बा म्हणाले, "टायरच्या दुकानातल्या त्या पोराला तू दोन महिने शिव्या देत होतास. आज तूही तेच केलेस." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या गाडीचे चाक म्हणजे अमानत, तिला हात लावण्याआधी आपल्याला काम पूर्ण येते का, हे पाहायला हवे होते.

आवळायचे कसे?

तेव्हापासून आमच्या घरी पक्का नियम आहे. गन नट सोडवण्यासाठी. शेवटचे आवळणे हाताने आणि टॉर्क रेंचने. गन बटण दाबले असेपर्यंत ठोके मारत राहते. किती आवळले हे तिला कळत नाही आणि आपल्या हातालाही जाणवत नाही. टॉर्क रेंच हा लांब दांड्याचा पाना. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा, म्हणजे ठरलेला जोर भरला की तो कट् असा आवाज करतो. आवाज आला की थांबायचे. सुमारे ४० ते २०० न्यूटन मीटर पट्टीचा अर्धा इंची टॉर्क रेंच घरच्या गाडीला योग्य. काम झाले की आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा, आतली स्प्रिंग टिकते.

क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट थोडा सैल करावा, मग जॅक लावावा. चाक बदलल्यावर प्रत्येक नट आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर तो वाकडा बसतोय, त्याच्यावर गन चालवली तर आटे जातील. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. तेलामुळे घर्षण कमी होते आणि त्याच आकड्यावर स्टड जास्त ताणला जातो. नट ओळीने आवळू नयेत, समोरासमोरचे आवळावेत. चार असतील तर फुली काढल्यासारखे, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे. चाक जमिनीवर टेकले की टॉर्क रेंचने शेवटचा हात फिरवावा. ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासावे.

जास्त आवळल्याने स्टड तुटतो, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते आणि रस्त्यावर नट सुटत नाही. कमी आवळल्याने तर चालत्या गाडीचे चाक निघून येऊ शकते. दोन्हींमधली वाट पुस्तिकेतल्या त्या एका आकड्यावर आहे.

गाडीत काय ठेवावे?

गन घेतली की ती डिकीत टाकावी असे वाटते. आम्हीही तसेच केले होते. मग सोबतचे पुस्तक वाचले. ५० अंशांच्या वर तापमान जाईल अशा जागी बॅटरी ठेवू नका, असे मकितासारख्या कंपन्या स्पष्ट लिहितात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान त्याच्या वर जाते. अशाने बॅटरीचे आयुष्य घटते, आणि नेमकी गरज पडेल तेव्हा ती रिकामी निघण्याचीही भीती. म्हणून आमची गन घरी, कपाटात असते. टायर बदलताना, चाकांची अदलाबदल करताना आणि व्हॅनच्या कामाला ती उपयोगी पडते. लांबच्या प्रवासाला निघताना चार्ज करून बरोबर घेतो आणि मुक्कामाला पोचलो की बॅटरी घरात नेतो.

डिकीत मात्र कायम असतो तो ६० सेंटिमीटरचा साधा लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी बोंड आणि त्यावर बसणारे आमच्या मापाचे सॉकेट. ज्या २०० न्यूटन मीटरच्या नटाला २५ सेंटिमीटरच्या पान्यावर ८० किलोचा जोर लागतो, त्याच नटाला या दांड्यावर ३४ किलोचा जोर पुरतो. त्याला बॅटरी लागत नाही, उन्हाने तो बिघडत नाही. किंमत हजाराच्या आत-बाहेर. घरात एकच गाडी असेल आणि वर्षाला एखादेच पंक्चर होत असेल, तर आमचा प्रामाणिक सल्ला असा की आधी हा दांडा आणि टॉर्क रेंच घ्यावा. गनचे पैसे त्यानंतरच बाजूला काढावेत. दोन-तीन गाड्या असतील, टॅक्सी-व्हॅनचा धंदा असेल किंवा घरच्यांचे हात-खांदे दुखरे असतील, तर गन जरूर घ्यावी.

एक्स्प्रेस वेवर किंवा वळणावर, जिथे वाहने अंगावरून जातात तिथे, ना दांडा काढावा ना गन. सगळ्यांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी. चाक उद्याही बदलता येईल.

गेल्या महिन्यात आपा माहेरी आली होती. अब्बांनी अंगणात तिची गाडी उभी केली, चारही चाकांचे नट आधी गनने सैल केले आणि मग टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले. नंतर आपाने डिकीतला दांडा काढला आणि एकटीने मागचे डावे चाक उतरवून पुन्हा बसवले. चौदा मिनिटे लागली. अम्मी खुर्चीवर बसून घड्याळ पाहत होती. आपाने हात पुसले आणि म्हणाली, "आता खालाकडे जाऊ. त्या दिवशीची बिर्याणी राहिलीच होती."

टायरच्या दुकानातही आम्ही पुन्हा गेलो. भांडायला नाही. आपला टॉर्क रेंच सोबत नेला आणि मालकांना म्हटले, शेवटचा हात याने लावू द्या. त्यांनी हसून मान डोलावली. तुम्हीही हे करू शकता. रेंच नसेल तर निदान एवढे करा. येत्या सुट्टीच्या दिवशी, घराच्या दारात, सावलीत, आपल्या गाडीचा एकेक नट तिच्याच पान्याने सोडवून पाहा, आणि तो गाडी चालवणाऱ्या बायको, बहीण किंवा मुलीच्या हाताने सोडवून पाहा. सुटला नाही, तर ते आजच, घरी असताना कळलेले बरे.